खोटं खोटं वाचन

आज्जीची पोथी लाल फडक्यात बांधलेली असायची. श्रावणातल्या सोमवारी अंगणातली सावली जोत्यापर्यंत सरकली की ती पाट मांडायची, पोथीला हळदकुंकू वाहायची आणि फडक्याची गाठ सोडायची. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. शेजारच्या चार-पाच बायका पदर सावरत भिंतीला टेकून बसायच्या. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. पोथीला बाकीचेही अध्याय असतात हे मला फार उशिरा कळलं.

मी वाट पाहायची ती माकडाची आणि कोंबड्याची. काश्मीरच्या राजाचा मुलगा आणि प्रधानाचा मुलगा, दोघांना दागिने नकोत, रुद्राक्षच हवेत. राजा काळजीत पडतो. मग पराशर ऋषी त्यांचा मागचा जन्म सांगतात. नंदिग्रामात महानंदा नावाची एक बाई होती, तिनं एक माकड आणि एक कोंबडा पाळला होता, त्यांच्या अंगावर रुद्राक्ष बांधले होते. आणि एका रात्री मंडपाला आग लागते. महानंदा त्यांच्या गळ्यातले पाश सोडते, दोघंही रानात पळून जातात आणि पुढच्या जन्मी हे दोन मुलगे होतात. पुढच्या जन्माचं मला काही नव्हतं. दर सोमवारी मला वाटायचं, या वेळी कोंबडा उडून जाईल. कोंबड्याला पंख असतात, एवढं तर आज्जीलाही माहीत होतं. महानंदा कोण होती असं मी एकदा विचारलं, तर आज्जी म्हणाली, "पोथीत मधी बोलू नगं."

ती वाचायची कशी, तर पान हातात धरून, किंचित डोलत, ओवीच्या शेवटाला आवाज लांबवत. पान संपलं की जीभेला बोट लावून पुढचं पान उलटायची. मला त्या उलटण्याचं फार वेड होतं. आगीच्या जागी पान जरा जोरात उलटलं जायचं, असं मला अजूनही वाटतं.

तिसरीत मला नीट वाचता यायला लागलं, आणि नवीन वाचायला लागलेल्या मुलाइतकं उद्धट या जगात दुसरं कुणी नसतं. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, सगळं मोठ्यांदा. त्या श्रावणात मी आज्जीला खेटून बसले आणि तिच्या बोटाबरोबर ओळीवरून डोळे फिरवायला लागले. आज्जीच्या तोंडी माकड आलं होतं. पानावर माकड नव्हतं. पानाच्या वरच्या बाजूला अध्याय नववा असं छापलेलं होतं.

मी ओरडले, "आज्जी, तू चुकीचं पान धरलंयस! तुला वाचताच येत नाही!"

बायका हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. आज्जीनं बोट पानावरून उचललं. "न्हाई येत बाई," एवढंच म्हणाली, आणि पुढचं माकड-कोंबडं, आग, पुनर्जन्म सगळं डोळे मिटून म्हणून टाकलं. देवळात श्रावणभर पोथी लागायची, एक जण वाचणारा आणि एक जण अर्थ सांगणारा. लग्न होऊन आल्यापासून ती खांबाआड बसून ऐकत आलेली. पंचवीस-तीस श्रावणांत अख्खा अध्याय तिच्या कानातून तोंडात आला होता.

पुढच्या सोमवारी पोथी पाटावर निघाली, तिला हळदकुंकू वाहिलं गेलं, पण गाठ सुटली नाही. त्यानंतर कधीच सुटली नाही. आज्जी अध्याय म्हणायची, पूर्वीइतकाच छान म्हणायची. पानं उलटायची मात्र थांबली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी बरोबर होते ना.

हे सगळं आठवायचं कारण माझा मुलगा. आता अकरावीत आहे, त्याला हे लिहिलेलं आवडणार नाही. पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

तो चार वर्षांचा असताना आमच्याकडे माकडाचंच एक चित्रांचं पुस्तक होतं. माकड शोधत मी दुकानात गेले नव्हते, ते आपोआप आलं. सोळा पानं, मध्ये दोन पिना. रात्री झोपताना तेच हवं. दुसरं काढलं तर पाय आपटणं. मी बँकेत दिवसभर तेच ते आकडे बघून आलेली, रात्री पुन्हा तेच माकड, तेच झाड, तीच टोपी. मी कंटाळून एखादी ओळ गाळायची आणि पकडली जायची. आपल्याला गोष्टीत पुढे काय होतं हे माहीत नसलं की मजा येते. लहान मुलाचं नेमकं उलटं असतं. त्याला पुढचं माहीत असतं, म्हणून मजा येते. तो गोष्टीचा मालक असतो. किंवा, माझ्यासारखा, कोंबडा या वेळी तरी उडेल का हे बघायला आलेला असतो.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून वाचण्याचा आवाज आला. हा पुस्तक मांडीवर घेऊन भिंतीला टेकून वाचत होता. ओळीखालून बोट फिरत होतं, पान संपलं की पान उलटत होतं, माझ्यासारखाच आवाज, माकड घाबरलं की बारीक होणारा. बऱ्याच ठिकाणी शब्दन् शब्द बरोबर. आणि मध्येच त्यानं स्वतःचं एक कुत्रं घातलं होतं, जे पुस्तकात नव्हतं. माकडाची टोपी कुत्र्यानं पळवली होती.

मी हात पुसत गेले, शेजारी बसले आणि आईपणाच्या सगळ्या उत्साहानं म्हणाले, "अरे, कुत्रं कुठाय यात? हे बघ, इथं काय लिहिलंय? मा... क..."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तू वाच."

मग कित्येक महिने त्यानं कुठलंही पुस्तक हातात धरून वाचल्यासारखं केलं नाही. ऐकायचा. पण पानं मी उलटायची. एकदा रात्री पान उलटता उलटता माझा हात थबकला, लाल फडक्याची ती न सुटलेली गाठ डोळ्यासमोर आली, आणि मी पुढची ओळ वाचेना म्हणून तो मला ढोसायला लागला.

मी शिक्षिका नाही. त्यानंतर मात्र या विषयावरचं सापडेल ते वाचत गेले. त्यात न्यूझीलंडच्या मेरी क्ले भेटल्या. वाचायला येण्याच्या आधी मुलं पुस्तकाशी जे काही करतात ते सगळं वाचनातच धरायला हवं, असं त्यांनी 1966 साली आपल्या संशोधनात मांडलं. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून कुठे जाते, आवाज चित्रातून येतो की त्या काळ्या किड्यामुंग्यांतून, हे मुलाला कळत जातं आणि हे कळण्याचीच एक लांब वाट असते. मुलाला यातलं काय काय उमगलंय हे पाहायला त्यांनी 1972 साली एक छोटी पुस्तिका केली. तिच्यात काही ठिकाणी मजकूर, काही ठिकाणी चित्र मुद्दाम उलटं छापलेलं. मुलाबरोबर ती वाचायची आणि मूल कुठे अडतं ते बघत राहायचं. चुका काढायच्या नाहीत. हे वाचताना मला हसू आलं आणि जरा रडूही. माझी आज्जी त्या चाचणीत पहिली आली असती.

आपल्याकडे या वाचनाला खोटं खोटं वाचन म्हणतात. खोटा खोटा स्वयंपाक, खोटं खोटं दुकान, तसंच. भातुकलीतल्या भाताला कुणी कच्चा म्हणत नाही. पुस्तक हातात आलं की मात्र आपल्याला लगेच अक्षर दाखवायची घाई होते.

घाई मी समजू शकते, कारण देवनागरी काही सोपी नाही. आपण म्हणतो, जसं बोलतो तसं लिहितो. मोठ्यांसाठी ते खरं. मुलाच्या बाजूनं बघा. 'पिशवी'मधली पहिली वेलांटी 'प'च्या आधी काढलेली असते आणि 'प'च्या नंतर बोलायची असते. 'र' तर बहुरूपीच: 'सूर्य'मध्ये डोक्यावर जाऊन बसतो, 'प्रकाश'मध्ये पोटात तिरका शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाशी घर बांधतो आणि 'दुसऱ्या'मध्ये चंद्रकोर होऊन लटकतो. एवढी सोंगं एका अक्षराची.

म्हणून नव्या वाचकांसाठी जोडाक्षरं नसलेल्या पुस्तकांची टूम निघाली. हेतू चांगला. मीही उत्साहानं बरीच घेतली. वाचून दाखवायला बसले तर जीभ अडखळायला लागली आणि कारण कळेना. मग एक दिवस वही घेऊन बसले आणि लक्षात आलं, जोडाक्षर वगळलं की मराठीत 'गोष्ट' हा शब्दच लिहिता येत नाही. 'पुस्तक' येत नाही. 'म्हातारी' गेली, 'कोल्हा' गेला, आणि भोपळा राहिला तरी त्याला 'भोपळ्या' अशी हाक मारता येत नाही. 'म्हणाला' नाही, म्हणून सगळे 'बोलला' करतात. 'त्याने' नाही, 'तिच्या' नाही, 'आम्ही-तुम्ही' नाही. उरतं काय, तर रमण घर बघ, शरद बस धर. याला वाचता येतं, पण हे वाचून पुढे काय झालं असं कोण विचारील? वाचायला सोपं ते आवडेलच असं नाही. 'म्हातारी' हा शब्द आमच्या बिल्डिंगखाली जमणारी पाच वर्षांची पोरं न अडखळता ओळखतात. त्यातला 'म्ह' त्यांना कुणी फोडून दाखवलेला नाही. म्हातारीवर त्यांचा जीव आहे म्हणून.

(अपवाद सांगायला हवा. चिमणी, कावळा, घर, मेण, शेण, पाऊस, बाळ, तीट: चिऊ-काऊच्या गोष्टीतले मोठमोठे शब्द बिनजोडाक्षरांचे आहेत. ती गोष्ट कुणी ठरवून तशी केलेली नाही. पण दोन-तीन वर्षांच्या तोंडात बसेल अशी ती पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत होत आली असावी, असा माझा आपला एक अंदाज.)

माझा मुलगा शेवटी वाचायला शिकला तो पुस्तकावर नाही, सातारच्या एसटी स्टँडवर. त्याचा मामा तेव्हा बामणोलीला होता आणि त्या गाडीची वाट बघणं म्हणजे तपश्चर्या. पाट्या बघत बसायचं. 'कास'वाली आपली, 'कोरेगाव' आज्जीकडची, आणि 'स्वारगेट' म्हणजे पुणं. एक दिवस त्यानं विचारलं, "आई, विनाथांबा हे गाव कुठं आहे?" पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर तेच होतं. मी या वेळी शहाणी झाले होते. म्हटलं, तिथं गाडी थांबत नाही म्हणून आपण गेलो नाही अजून. पुढे दोन महिने तो विनाथांब्याच्या गोष्टी सांगायचा. तिथं माकडं होती आणि ते टोपी पळवणारं कुत्रंही. खरा अर्थ त्याचा त्यालाच कळला तेव्हा तो माझ्यावर भयंकर चिडला.

तो मोठा झाल्यावर घरात पुस्तकांची पत्र्याची ट्रंक उरली. कोविडनंतरच्या उन्हाळ्यात बिल्डिंगमधली पोरं अशीच जिन्यात कंटाळलेली दिसायची, म्हणून एका रविवारी ट्रंक खाली नेली. पार्किंगमध्ये सतरंजी टाकली आणि दोन खांबांना कपड्याची दोरी बांधली. दोरी का, तर त्याचं कारण ते सोळा-चोवीस पानांचं, पिना मारलेलं पुस्तक. त्याला कणा नसतो. कपाटात उभं केलं की कागदाची एक रेघ दिसते, बाकी काही नाही. मोठी माणसं कण्यावरचं नाव वाचून पुस्तक काढतात. मुलं चेहरा बघून काढतात. म्हणून मुखपृष्ठं समोर, चिमटे लावून, वाळत घातलेली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "भिजली का हो पुस्तकं?"

मुलांची पुस्तकं कुलपात ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. एका ठिकाणी रजिस्टर दाखवलं, शेकड्यांनी नोंदी, एकेक नोंद सुवाच्य. पुस्तकं आतमध्ये कोरी करकरीत. "पोरं फाडतात," असं उत्तर. फाडतातच. आमच्या दोरीवरचं एकही पुस्तक आता धड नाही. ज्याला सगळ्यात जास्त चिकटपट्टी लागली आहे तेच सगळ्यात आवडतं, इतका साधा हिशेब आहे. पाच पुस्तकं परत आलीच नाहीत. एक आलं ते वरणभाताच्या डागासह. म्हणजे कुणीतरी जेवताना वाचलं किंवा कुणाला तरी भरवताना वाचून दाखवलं. दंड कसला घेता?

सुरुवातीला मी एक चूक पुन्हा केली. गोष्ट संपली की विचारायची, "मग यातून काय शिकलो आपण?" आपल्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेलं तात्पर्य. म्हातारी, भोपळा, वाघ सगळं झाल्यावर एका मुलानं हात वर करून सांगितलं, "तात्पर्य, म्हातारीनं लेकीकडे जाऊ नये." सगळी पोरं गंभीरपणे माना हलवत होती. त्या दिवसापासून तात्पर्य बंद. गोष्ट संपली की मी पुस्तक मिटते आणि गप्प बसते. ती शांतता सहन करायला मला वेळ लागला. त्यात कधी कुणी म्हणतं "परत," कधी कुणी म्हणतं "माझी पण आजी भोपळ्याएवढी आहे," आणि कधी कुणीच काही म्हणत नाही, उठून सायकल खेळायला जातात. तेही चालतं.

पालक येतात, उभे राहतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे आई-वडील जास्त. त्यांची पोरं मराठी फडाफडा बोलतात, पण सत्तेचाळीस म्हटलं की फॉर्टी सेव्हन का, असं विचारतात. मराठी पुस्तक त्यांना परीक्षेतल्या एका कंटाळवाण्या विषयासारखं वाटतं. एक बाबा म्हणाले, "रोज दहा पानं वाचायची, मगच मोबाइल, असा नियम केलाय." मी म्हटलं, मोबाइल बक्षीस आणि पुस्तक शिक्षा, हे तुम्ही त्याला फार छान शिकवलंत. जरा जास्तच टोचून बोलले. पण ते पुढच्या रविवारी आले, सतरंजीवर बसले आणि स्वतःच्या पोराला सोडून दुसऱ्यांच्या पोरांना वाघाचा आवाज काढून दाखवत होते. त्यांचं पोर लाजून खांबाआड. दोन आठवड्यांनी ते खांबाआडून बाहेर आलं. घरी त्यांनी 'किशोर' मासिकाचे जुने अंक काढले म्हणे. 1971 पासूनचे अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, आणि बाबांना आपल्या लहानपणीचा दिवाळी अंक सापडला. आता मोबाइलवर दोघं तेच वाचतात. नियमाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

गोष्ट सांगायची कशी हे मला खरं दाखवलं ते आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी. रजिस्टरं, वजनकाटा, पोषण आहार, सगळ्या कामांचा ढीग डोक्यावर असताना त्या अर्धा तास काढतात. पुस्तक हातात धरतात ते छातीशी, चित्र मुलांकडे. स्वतःला मजकूर दिसतच नाही. मी विचारलं, वाचता कसं मग? म्हणाल्या, "पाठ आहे की. आणि नाही आठवलं तर पोरं सांगतात."

अंगणवाडी हा शब्द आता सरकारी पाटीवरचा झालाय; 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला. त्याच्या मुळाशी ताराबाई मोडक आहेत. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं. लहान मुलांच्या शाळेत गोष्ट आणि गाणं हा फावल्या वेळचा मालमसाला नाही, तीच शाळा, हे गिजुभाईंनी तिथं करून दाखवलं होतं. ताराबाईंनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ बरोबर होत्या. वारली मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मोठी पोरं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा असं तिचं नावच. पाटी-पुस्तक घेऊन मुलाच्या मागे जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. मी आपली पार्किंगपर्यंत उतरते, दोन मजले.

भिलारला मुलांना घेऊन गेलो होतो एकदा. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूचं स्ट्रॉबेरीचं गाव, 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या राहत्या घरांत कपाटं, एका घरात कथा, एका घरात इतिहास, एकात बालसाहित्य. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. मोठ्यांनी फोटो काढले. पोरांनी पहिला अर्धा तास स्ट्रॉबेरी खाल्ली. मग एक जण बालसाहित्याच्या घरात शिरला तो बाहेर येईना. पाहिलं तर तो त्या घरातल्या काकूंना आमच्या दोरीवरचं एक पुस्तक दाखवत होता, तेच, ट्रंकेतलं. तिथं नवंकोरं होतं. "आमच्याकडचं जास्त वाचलेलंय," असं तो त्यांना सांगत होता, प्रौढीनं.

तो मुलगा म्हणजे आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींचा नातू. वय सात. त्याच्याबद्दल सांगायचं राहूनच जाईल म्हणून सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. अक्षरं येत होती, पण मोठ्यांदा वाच म्हटलं की कान लाल. छापलेली भाषा त्याच्या घरची नव्हती. "म्हातारी म्हणाली, मी लेकीकडे जाते" हे तो एकेक शब्द ठेचाळत वाचायचा, परक्याच्या घरात चालल्यासारखा. एका रविवारी मी उशिरा खाली उतरले तर हा धाकट्यांना घेऊन बसलेला. पुस्तक समोर उघडं, आणि वाचन असं: "वाघ म्हनला, ए म्हातारे, तुला खातू. म्हातारी म्हनली, आरं थांब की, लेकीकडं जाती, तूप-रोटी खाती, जाड हून येती, मग खा." वाघाला दम लागत होता, म्हातारी कंबरेवर हात ठेवून बोलत होती. एका इंग्रजी माध्यमवाल्या मुलीनं पुस्तकात डोकावून म्हटलं, "पण इथं तसं नाहीये." त्यानं माझ्याकडे पाहिलं. न्याय मागितल्यासारखा.

ती नजर मला ओळखीची होती. मी म्हटलं, "पुढं वाच रं. वाघानं सोडलं का तिला?"

आता तो छापलेलं छापल्यासारखंही वाचतो. कधी बदललं ते मला कळलं नाही, त्यालाही नाही. अजून मूडमध्ये असला की वाघ मात्र सातारचाच.

गेल्या रविवारची गोष्ट. पाऊस होता, म्हणून आलेच चार जण. आमच्या वॉचमनची मुलगी, पाच वर्षांची, कोपऱ्यात पोत्यावर बसून वाचत होती. माझ्या मुलाचं ते माकडाचं पुस्तक, चिकटपट्टीनं जाड झालेलं. पुस्तक जमिनीवर उघडं, ती त्यावर ओणवी. मी छत्री झटकत तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पाहिलं, तर पुस्तक उलटं. माकडाचे पाय वर, शेपूट वर, झाड आभाळातून खाली आलेलं. ओळीखालून बोट फिरत होतं ते भलत्याच बाजूनं, आणि आवाज घुमत होता: "मग माकड म्हन्लं, माझी टोपी कुनी नेली?"

इतक्या वर्षांनीसुद्धा माझा हात पुढे गेलाच. पुस्तक सरळ करायला. वाकले, आणि वाकल्यावर स्कूटरच्या चाकाआड बसलेला तिचा भाऊ दिसला. दीड वर्षाचा, अंगठा तोंडात, तिच्या बरोबर समोर. त्याच्या बाजूनं पुस्तक सरळ होतं. चित्र त्याला नीट दिसावं म्हणून तिनं ते तसं ठेवलेलं. तिला स्वतःला बघायची गरज नव्हती.

मी हात मागे घेतला. तिनं वर पाहिलं, जीभेला बोट लावलं आणि पान उलटलं, डावीकडून उजवीकडे.

"आता कुत्रं येतंय," ती भावाला म्हणाली.

त्या पुस्तकात कुत्रं नाही. हे तिला कुणी सांगितलं, माझ्या पोरानं की दुसऱ्या कुणी, ते मी अजून शोधते आहे.